डायमध्ये अडकलेला कप : हातोडा उचलण्याआधी

पितळी कप डायमध्ये अडकला की शेडमधला एक जण हातोडा शोधायला धावतो आणि दुसरा ऑपरेटरवर ओरडतो. दोन्ही गोष्टींनी नुकसानच होतं. अडकलेला कप हा पुरावा आहे. तो किती आत गेला, कुठे थांबला, ओरखडे चहूबाजूंनी आहेत की एकाच बाजूला, तळ शाबूत आहे की फाटला, एवढं काढण्याआधी नीट पाहून घेतलं तर पुढचा अख्खा लॉट वाचतो. ठोकून काढला तर कप जातो, पुरावा पुसला जातो आणि पुष्कळदा डायही जाते.

हैदराबादेत बालानगर, जीडीमेटला, चेर्लापल्ली या पट्ट्यातल्या लहान प्रेस-शॉपमध्ये काम करणाऱ्या किंवा स्वतःची शेड टाकू पाहणाऱ्या मराठी मुलांसाठी हा लेख लिहितो आहे. नांदेड, देगलूर, उदगीर, लातूरकडच्या मुलांना टूल-डायचं शिक्षण घ्यायला हैदराबाद जवळचं. बालानगरची केंद्रीय टूल डिझाइन संस्था, म्हणजे सीआयटीडी, १९६८पासून हेच शिकवते आहे. तिथे डाय कशी बनवायची हे उत्तम शिकवतात. पण डाय प्रेसवर चढली, दुसऱ्या पाळीचा ऑपरेटर ‘कप फँस गया’ म्हणून हाक मारतो आणि समोर ऑर्डरची तारीख उभी असते, त्या वेळी काय करायचं हे ज्याचं त्यालाच शिकावं लागतं.

सगळ्यात आधी मोटर बंद करा, फ्लायव्हील पूर्ण थांबू द्या आणि रॅमखाली सेफ्टी ब्लॉक ठेवा. हे झाल्याशिवाय डायमध्ये बोटसुद्धा घालायचं नाही. रॅम खालच्या टोकाला जाऊन तिथेच आवळला असेल तर मोटरला झटके देऊन सोडवायचा मोह होतो. तसं करू नका. रॅमचा ॲडजस्टिंग स्क्रू उलटा फिरवून ताण उतरवा, मग हाताने फ्लायव्हील फिरवा. घाईत बोटं गमावलेली माणसं या धंद्यात भेटत राहतात, आणि त्यातल्या बऱ्याच जणांची बोटं माल बनवताना नव्हे, अडकलेला माल काढताना गेलेली असतात.

आता कप पाहू. तो पंचावर बसून वर आला आहे, डायमध्ये अर्ध्यावर थांबला आहे, की जवळजवळ पूर्ण उतरून तोंडाच्या शेवटच्या चार-पाच मिलिमीटरवर अडला आहे? या तीन जागांचे तीन वेगळे रोग आहेत.

पंचावर घट्ट बसलेला कप बहुधा हवेचा बळी असतो. कप आणि पंच यांच्यामध्ये पोकळी तयार होते, बाहेरची हवा आत शिरत नाही आणि स्ट्रिपर कितीही ओढला तरी कप सुटत नाही, नाहीतर तळ आत ओढला जाऊन खळगा पडतो. पंचाच्या मधोमध हवेचं भोक असलंच पाहिजे आणि ते आडव्या भोकाने बाहेर उघडलं पाहिजे. भोक आहे, पण वाळलेल्या साबणाने बुजलं आहे, असं फार वेळा आढळतं. पाळी सुरू होताना तारेने ते साफ करायची सवय लावा. भोक मोकळं असूनही कप चिकटत असेल तर पंचावर हात फिरवा. घासकाम आडवं, गोलगोल झालेलं असेल तर त्या बारीक रेघांमध्ये पितळ रुतून बसतं. पंचाचं शेवटचं पॉलिश नेहमी उभं, म्हणजे कप सरकतो त्याच दिशेने करायचं. स्ट्रिपरची किंवा डायच्या खालची धार गोल झाली असेल तर कपाची कड तिला अडत नाही आणि कप पंचाबरोबर परत वर येतो. ही धार दर ग्राइंडिंगच्या वेळी तपासा.

अर्ध्यावर अडकलेल्या कपाचं दुखणं बहुतेक वेळा वंगणात किंवा डायच्या पृष्ठभागात असतं. डायच्या सरळ भागावर टॉर्च मारून पाहा. पिवळसर चकचकीत पट्टा दिसला तर ते पितळच आहे, स्टीलला चिकटलेलं. एकदा ते चिकटलं की पुढचा प्रत्येक कप त्यावर घासतो, थर जाड होत जातो, आणि शेवटी एखादा कप जागेवरच थांबतो. यावर जाडा एमरी पेपर चालवू नका. लाकडी काठीला बारीक डायमंड पेस्ट लावून ओढण्याच्या दिशेने घासा. पट्टा एकाच बाजूला असेल तर पंच आणि डाय एका रेषेत नाहीत किंवा ब्लँक मधोमध बसत नाही, असं धरून चाला. तिथे कितीही पॉलिश केलं तरी आठवड्याने तोच पट्टा त्याच जागी येईल.

तोंडाजवळ अडलेला कप मात्र थेट पत्र्याकडे बोट दाखवतो. चकतीचा कप होताना परीघ आक्रसतो आणि तिथलं पितळ जाड होतं. म्हणून कपाची भिंत तळाशी पातळ आणि तोंडाशी जाड असते. पंच आणि डाय यांच्यातली फट पत्र्याच्या जाडीपेक्षा साधारण दहा टक्के जास्त ठेवतात ती याचसाठी. आता पत्रा एक मिलिमीटरचा म्हणून मागवला आणि आला १.०६ तर त्या सवलतीतला निम्म्याहून जास्त भाग पत्र्यानेच खाऊन टाकला. मग तोंडाशी कप पिळला जातो, म्हणजे नको असलेलं आयर्निंग सुरू होतं. नवा शीट आला की चारही कोपऱ्यांवर आणि मध्यभागी मायक्रोमीटर लावा आणि आकडे शीटवरच खडूने लिहून ठेवा. बिलावरची जाडी आणि हातातली जाडी एक नसते.

रोलिंगच्या दिशेमुळे कपाच्या काठाला कानही येतात. पहिल्या ड्रॉनंतर ते न कापता कप पुढच्या डायमध्ये घातला की लांब कान आधी चिमटला जातो आणि सगळा कप वाकडा बसतो. ट्रिमिंगचे पैसे वाचवायला जाऊन डाय गमावण्याचा हा सरळ मार्ग आहे.

आता काढायचं कसं? इथे भौतिकशास्त्राची एक साधी गोष्ट फार कामाला येते. एका अंशाला पितळ लांबीच्या दशलक्षांश मापात सुमारे वीस भाग पसरतं, तर टूल स्टील साडेअकराच्या आसपास. म्हणून तापवायचं की थंड करायचं, हे कप कुठे आहे त्यावर ठरतं. कप पंचावर असेल तर दोन्ही तापवा. पितळ जास्त पसरून सैल होतं. तीस मिलिमीटर व्यासाचा कप पस्तीस अंशांवरून दीडशे अंशांवर नेला तर तीसेक मायक्रॉनची मोकळीक मिळते, आणि स्ट्रिपरला तेवढी पुरते. कप डायच्या आत असेल तर बरोबर उलटं. तिथे तापवलं की पितळ आणखी आवळतं. अशी डाय प्लास्टिकच्या पिशवीत बांधून रात्रभर साध्या फ्रीझरमध्ये ठेवा. उणे अठरा अंशांपर्यंत गेली की बारा-तेरा मायक्रॉन सुटतात. आकडा छोटा वाटतो, पण दाबून बसलेल्या कपाला सरकायला तेवढं पुष्कळ होतं. कार्बाइडची डाय असेल तर फायदा जवळजवळ दुप्पट, कारण कार्बाइड स्टीलच्या निम्म्यानेच आक्रसतं. पण कार्बाइडवर गॅसची ज्योत कधीही मारू नका, ते तडकतं. स्टीलची डायही टॉर्चने लाल करायची नसते. एका जागी पाणी उतरलं की ती डाय पुन्हा धड माल देत नाही.

थंड झाल्यावर कप ज्या बाजूने आत गेला त्याच बाजूने परत काढा. खालून तळाला पितळी किंवा ॲल्युमिनियमचा सपाट दांडा लावा आणि हाताच्या आर्बर प्रेसवर हळूहळू दाब द्या. दांडा तळाच्या व्यासाएवढा हवा. बारीक दांड्याने तळ फुगतो आणि कप आणखी रुतून बसतो.

दाबूनही सुटला नाही तर ओढून काढायचं. कपाच्या तळाचं पितळ जवळजवळ मूळ जाडीचंच राहतं, म्हणून जोर तिथेच लावायचा. तळाच्या मधोमध साडेआठ मिलिमीटरचं भोक पाडा आणि त्यातून एम-८चा बोल्ट खालून वर घाला. बोल्टच्या डोक्याखाली जाड वॉशर असू द्या, म्हणजे ताण तळावर पसरेल. डायच्या वरच्या तोंडावर कपापेक्षा मोठ्या व्यासाचा पाइपचा तुकडा उभा करा, त्यावर आडवी पट्टी ठेवा, बोल्ट पट्टीतून वर काढा आणि नट आवळत जा. पाव वळण, थांबा, पुन्हा पाव वळण. झटका नाही, ठोका नाही, पत्र्याच्या कुरकुरण्यावरून कप सुटतोय हे कळतं. पाइप डायच्या धारेवर न बसता सपाट भागावर बसला आहे याची खात्री करून घ्या. तळच फाटून निघाला असेल आणि नुसती कडी उरली असेल तर हॅकसॉच्या पानाच्या तुकड्याने आतून उभा काप घ्या, जेमतेम भिंतीच्या जाडीइतका, आणि कडी आतल्या बाजूला मुडपून काढा. शेवटचा पातळ पापुद्रा राहिला की करवत थांबवा, तो चिमट्याने तुटतो. ॲसिडने पितळ विरघळवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. नायट्रिक ॲसिड पितळाबरोबर डायही खातं, आणि त्याचा तपकिरी धूर फुप्फुसांना घातक असतो.

कप निघाला. पण तो अडकला का, याचं उत्तर बहुतेक वेळा प्रेसवर मिळत नाही, भट्टीपाशी आणि वंगणाच्या डब्यात मिळतं. माझं ठाम मत आहे की लहान शेडमध्ये डायवर होणारा निम्मा खर्च खरं तर नरम करण्याच्या कामावर व्हायला हवा.

खोल ड्रॉसाठी पितळ ७०:३०चं असावं, म्हणजे सत्तर भाग तांबं, तीस भाग जस्त. स्वस्त पडतं म्हणून ६३:३७ घेतलं तर उथळ झाकणं होतील, पण लांब कप रडवेल. पहिल्या ड्रॉमध्ये चकतीच्या व्यासाच्या पंचेचाळीस टक्क्यांपर्यंत घट घेता येते, पुढच्या ड्रॉमध्ये वीस-पंचवीस. ओढलं की पितळ कडक होतं, आणि कडक पितळ स्प्रिंगसारखं बाहेर रेटत डायच्या भिंतीला घट्ट धरतं. म्हणून मधे नरम करणं टाळता येत नाही. भट्टी असेल तर पाचशे ते सहाशे अंश, वीस-तीस मिनिटं. भट्टी नसेल आणि ज्योतीवर काम असेल तर अंधाऱ्या कोपऱ्यात करा. उघड्या शटरसमोर, मे महिन्याच्या उजेडात, लालसर छटा दिसतच नाही. दिसायला लागते तोवर कप जळालेला असतो. अंधारात जेमतेम लाली दिसली की ज्योत काढा. पांढरा धूर म्हणजे जस्त उडतंय. तो धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. शिवाय जास्त तापलेल्या पितळाचे कण मोठे होतात, पुढच्या ड्रॉनंतर पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत निघतो आणि तळ फाटतो. तापवून पाण्यात टाकलं तर पितळ कडक होईल ही भीती मात्र सोडून द्या. ते स्टीलचं वागणं आहे. पितळ हवेत निवलं काय, पाण्यात बुडवलं काय, नरमच राहतं.

नरम केलेल्या कपावरची काळी खपली धुऊन काढल्याशिवाय पुढे जायचं नाही. ती डायमध्ये वाळूसारखी घासते. दहा टक्के सल्फ्युरिक ॲसिडचं द्रावण पुरतं. ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही. हातात रबरी मोजे, डोळ्यांवर चष्मा. त्यानंतर दोन पाण्यांतून धुऊन पूर्ण वाळवा. ॲसिडचा अंश राहिला तर वंगण टिकत नाही.

आणि आता वंगण. साबणाचं पाणी स्वस्त आणि पितळाला चांगलं. पण हैदराबादच्या शेडमध्ये ते बोअरच्या पाण्यात कालवतात आणि घोटाळा तिथेच होतो. या ग्रॅनाइटच्या पठारावरचं बोअरचं पाणी क्षारांनी भरलेलं असतं. त्यात साबण मिसळला की दह्यासारख्या गुठळ्या होतात. वंगण पातळ पडतं आणि त्याच गुठळ्या पंचाचं भोक बुजवतात. घरी बसून पाहता येईल अशी परीक्षा करा. एका बरणीत बोअरचं पाणी, दुसरीत नळाचं मंजिरा किंवा कृष्णेचं पाणी घ्या, दोन्हींत सारखाच साबणाचा चुरा टाका आणि हलवा. पहिल्या बरणीत फेस कमी आणि तरंगणारा मळ जास्त दिसला तर तुमच्या अडकणाऱ्या कपांचं अर्धं उत्तर मिळालं. वंगणापुरतं नळाचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी वापरा, बाकी धुण्याला बोअर चालेल. खोल ड्रॉला एरंडेल तेल उत्तम. तेलंगणात एरंडीचं पीक होतंच, तेल सहज मिळतं. फक्त कप भट्टीत घालण्याआधी ते कसोशीने धुऊन काढलं पाहिजे, नाहीतर करपून डाग पडतात. गंधकयुक्त ड्रॉइंग ऑइल स्टीलला उत्तम, पण पितळ त्याने काळं पडतं. वंगण लावायचं ते डायच्या बाजूने. पंचाच्या बाजूला थोडी पकड राहिली तर चांगलंच, पंच तळाला सोबत घेऊन जातो आणि तळ फाटत नाही. दोन्ही बाजू तेलात बुडवणारा ऑपरेटर कष्टाळू असला तरी त्याला हे समजावून सांगा.

पावसाळ्यात आणखी एक संकट येतं. ओढलेले, कडक कप शेडच्या मागे रचून ठेवले, जवळ मुतारी किंवा गोठा आहे, हवेत दमटपणा आहे, आणि आठ-पंधरा दिवसांनी कपांना उभ्या चिरा. असा चिरलेला कप पुढच्या डायमध्ये हमखास उघडतो आणि अडकतो. पितळाच्या या दुखण्याचा इतिहास हिंदुस्थानातलाच आहे. ब्रिटिश फौजेच्या पितळी काडतुसांच्या पुंगळ्या पावसाळ्यात घोड्यांच्या तबेल्यांत साठवल्या जात, आणि बाहेर काढताना त्या तडकलेल्या निघत. घोड्यांच्या मुतातला अमोनिया, दमट हवा आणि पितळात कोंडलेला ताण या तिन्हींमुळे मिळून ते होतं, हा उलगडा १९२१ साली मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी केला. उपाय सोपा आहे. ओढलेला माल त्याच दिवशी नरम करता येत नसेल तर अडीचशे ते पावणेतीनशे अंशांवर तासभर ठेवून ताण उतरवा. कप कडकच राहतो, पण तडकत नाही. साठवणीची जागा संडास, गोठा, खताची पोती आणि अमोनियाचं फिनाइल यांच्यापासून लांब ठेवा.

पुंगळ्यांचा विषय निघाला म्हणून एक इशारा. रायफलीची पुंगळी ही याच ७०:३० पितळाची, अशीच टप्प्याटप्प्याने ओढलेली असते. आपल्याकडे हे काम खडकी, वरणगावसारख्या सरकारी दारूगोळा कारखान्यांत होतं. अमेरिकेत नेमबाज वापरलेल्या पुंगळ्या घरच्या छोट्या प्रेसवर पुन्हा मापात आणतात आणि त्यांच्याही पुंगळ्या डायमध्ये अडकतात. कारणं हीच, कमी वंगण आणि कडक पितळ, आणि काढायची तऱ्हाही तळाला बोल्ट लावून ओढण्याचीच. त्याचे व्हिडिओ पाहून कोणी तुमच्या शेडमध्ये पुंगळ्यांची पिशवी घेऊन आला तर काम घेऊ नका, मग तो ओळखीचा असो की चौपट मजुरी देणारा असो. शस्त्र अधिनियम १९५९च्या कलम ५ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा बनवता येत नाही, आणि या कायद्याच्या व्याख्येत दारूगोळ्याचे सुटे भाग आणि तो बनवण्याची यंत्रंसुद्धा दारूगोळ्यातच मोडतात. ‘मी फक्त पितळ दाबून दिलं’ ही सबब तुमच्या कामी येईल असं समजू नका.

आता डाय परत चढवताना. ती पूर्ण कोरडी करा. फ्रीझरमधून काढलेल्या स्टीलवर दव धरतं आणि तासाभरात गंजाचे ठिपके उठतात. पंच आणि डायच्या फटीत चारही बाजूंनी पत्र्याच्या जाडीच्या पट्ट्या घालून मध्य जुळवा, मगच बोल्ट आवळा. पहिले काही कप मोटरवर न काढता फ्लायव्हील हाताने फिरवून काढा. हाताला लागणारा जोर कुठे वाढतो हे त्यात कळतं, आणि मोटर ते कधीच सांगत नाही. प्रत्येक कप फिरवून उजेडात धरा, मायक्रोमीटरने तोंडाची जाडी चार ठिकाणी मोजा. चारही आकडे जवळपास सारखे आले आणि अंगावर रेघ नसेल तर डब्यात ताजं वंगण घालून मोटर सुरू करा. रेघ दिसली तर डाय पुन्हा उतरवा, ऑर्डर कितीही तातडीची असली तरी.